खोडलेलं वाक्य

एका सहकाऱ्याच्या आईला मी आमच्या भूगोल विभागाच्या पुस्तिकेतून खोडलं होतं. परवा यवतमाळच्या घरी कपाट आवरताना त्याच्या अक्षरातला पिवळा कागद सापडला. पुस्तिका निघाली ती कापसाची वाईट वर्षं होती. प्राध्यापकांचे परिचय मी लिहीत होतो. विभागातल्या एक बाई, वकिलाच्या घरातल्या, आठवडी बाजारांचा अभ्यास करत. मी, कारकुनाचा मुलगा, पावसाचा. फुलसावंगीच्या या सहकाऱ्याने लिहिलं होतं, "विषय काळी माती. ती मायसोबत मजुरीनं कापूस वेचताना कळली." मजुरी बरी दिसत नाही म्हणून मी दुसरं वाक्य काढलं. छापील पान पाहून तो म्हणाला, "गायबच केलं ना सर तिले! वाचून दाखवतो म्हन्लं होतं मी." काल फुलसावंगीला जाऊन मी तो कागद तिला वाचून दाखवला आणि म्हणालो, "माय, हे मी खोडलं होतं. मला माफ करा."