चढावरची खुर्ची

लेकीकडे अमेरिकेत गेले होते, तेव्हा एका संध्याकाळी तिच्याबरोबर चर्चच्या तळघरात जाऊन बसले. हक्कांसाठी झटणाऱ्या पाच-सहा संघटना तिथे जमल्या होत्या. वस्तीतलं मतदान केंद्र लांब टेकडीवर नेण्याचं घाटत होतं, आणि दुसऱ्या दिवशी नगरपालिकेपुढे त्याविरुद्ध बोलायचं होतं. त्याचीच ही तालीम.

त्यांची एक रीत मला मोठी गमतीची वाटली. आपलं गाऱ्हाणं आपण मांडायचं नाही, शेजारच्याचं मांडायचं. चाकांच्या खुर्चीतला डॅनियल सांगत होता, मेक्सिकोहून आलेल्यांना स्पॅनिशमधली मतपत्रिका का हवी ते. मग डॅनियलचं गाऱ्हाणं मांडायला मेक्सिकोचीच रोझा उठली, चांगली धडधाकट बाई. बोलता बोलता म्हणाली, "दोन्ही हातांनी चाकं रेटली, तरी त्या चढावर माझी खुर्ची मागे घसरते हो!"

सगळे हसले. "रोझा, तुझी खुर्ची कुठली गं?" ती लाजून कागद चाचपू लागली. एकटा डॅनियल हसला नाही. म्हणाला, "राहू दे. उद्या असंच म्हण."

लेक हे सगळं मला कानात मराठीत सांगत होती. मी आपली चार दिवसांची पाहुणी, तिथे ना माझं मत, ना माझी टेकडी. पण मनात आलं, दुसऱ्याचं दुःख सांगताना आपल्या तोंडी आधी 'बिचारा' येतं. रोझाला ते सुचलंच नव्हतं.

बाहेर पडताना लेकीने विचारलं, "आई, कंटाळलीस?"

"नाही गं," मी म्हटलं, "हात भरून आलेत त्या चढाने."