चार वर्षं आणि एक दिवस

शीटकाकू कुठलीही फाईल उघडण्याआधी एक प्रश्न विचारायच्या, "ही करणारा माणूस हयात आहे ना?"

गिऱ्हाईक चपापायचं. पंचवटीतल्या माझ्या दुकानात लोक झेरॉक्सला यायचे, फॉर्म भरायला यायचे, आणि काकू आल्यापासून जुन्या एक्सेल शीटा घेऊन यायला लागले होते. कुणाची वीस वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी प्रोग्रॅममधली, ती नव्यात उघडायचीच नाही. कुणाची ऑफिसात नीट दिसायची आणि घरच्या मॅकवर भलतंच दाखवायची. त्यात मेल्या-जगल्याचा काय संबंध? काकूंचं उत्तर साधं होतं. "हयात असेल तर फोन करून विचारता येतं, बाबा रे, ह्या रकान्यात तुला काय म्हणायचं होतं? नसेल तर जे लिहिलंय तेवढंच त्याचं बोलणं. मग अंदाजाने एक टिंबसुद्धा हलवायचं नाही."

त्यांचं नाव सुमन देवरे. माहेर सटाण्याचं. एका कचेरीत टायपिस्ट म्हणून अख्खी नोकरी झालेली. निवृत्तीनंतर एक दिवस सरळ दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "संदीप ना तू? मला एक टेबल दे, लॅपटॉप मी घरून आणीन. घरात बसवत नाही." आदल्या वर्षीच्या कोजागरीला त्यांचे यजमान गेले होते. साथीचं वर्ष. "चहा ठेव, तपासून येतोच," असं म्हणून ते ॲम्ब्युलन्समध्ये चढले आणि आठव्या दिवशी हॉस्पिटलमधून थेट अमरधामला गेले. काकूंना चेहरा पाहायला मिळाला नाही. आधी फोन आला, मग कागद आला. हे त्यांनी मला एकदाच, तेही कीबोर्ड पुसता पुसता सांगितलं. काकांना मी कधीच पाहिलं नव्हतं.

जुनी फाईल उघडली की शेवटचा माणूस ज्या चौकोनात होता तिथेच ती उघडते. आपण लगेच वर जातो. काकू जायच्या नाहीत. इगतपुरीहून रेल्वेतले एक निवृत्त गृहस्थ भावाची फाईल घेऊन आले होते. हा भाऊ रोजच्या पावसाची नोंद ठेवायचा, वर्षानुवर्षं, एकही दिवस न चुकता. फाईल उघडली ती जुलैमधल्या एका रिकाम्या चौकोनात. काकूंनी हात मांडीवर घेतले आणि मिनिटभर तशाच बसून राहिल्या.

"काय झालं?" गृहस्थांनी विचारलं.

"इथून उठलेत ते," काकू म्हणाल्या. "परत येऊन भरणार होते. पाऊस मोजायला गेले होते का?"

ते गृहस्थ पांढरेफटक पडले. भाऊ सकाळी मापाचं भांडं बघायला अंगणात गेला आणि तिथेच पडला, हे त्यांनी आम्हाला सांगितलंच नव्हतं. काकूंनी फाईल नव्या प्रोग्रॅममध्ये आणून दिली, पण तो चौकोन भरला नाही. शून्यही घालू दिलं नाही. "शून्य म्हणजे पाऊस नव्हता. इथे पाऊस होता. मोजला नाही एवढंच."

दुसरी गोष्ट त्यांच्या वाचण्याची. पूर्वीच्या मराठी फॉन्टमधल्या शीटा नव्या कॉम्प्युटरवर घेतल्या की नावांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं दिसतात. तो कचरा काकू मोठ्याने मराठीत वाचायच्या. हाताला सगळे जुने कीबोर्ड पाठ होते; कुठल्या कळीने काय उमटायचं ते त्यांची बोटं सांगायची. डोळे त्या अगम्य रांगेवर आणि तोंडातून एका लयीत नावं : गंगुबाई, काशिनाथ, यमुना, तुकाराम. एकदा एक बाई मला हळूच म्हणाल्या, "ह्यांच्या अंगात येतं का हो?"

याच वेळी रामकुंडावरचे एक गुरुजी आमच्याकडे आले. त्यांच्या यजमानांच्या घरात कोण कधी गेलं याची त्यांनी एक मोठी यादी केली होती, म्हणजे श्राद्धाच्या आधी घरोघरी मेसेज पाठवता यावा. पुतण्याने ती बेंगळुरूला आपल्या मॅकवरच्या एका जुन्या शीटमध्ये चिकटवली, तारखेवरून तिथी आपोआप निघेल अशी सोय केली आणि परत पाठवली. तेव्हापासून गुरुजींची झोप उडाली होती. दिंडोरीकडचा एक शेतकरी त्यांच्या दारात येऊन उभा राहिला होता. "गुरुजी, आमचा म्हातारा शुद्ध एकादशीला गेला. तुमचा मेसेज आला वद्य एकादशीचा. चुकीच्या दिवशी पान वाढलं तर तो उपाशीच राहीन ना?"

काकूंनी शीट उघडली, दोन तारखा गुरुजींच्या जुन्या वहीशी ताडून पाहिल्या आणि म्हणाल्या, "चार वर्षं आणि एक दिवस."

मग त्यांनी गुरुजींना समजावून सांगितलं. कॉम्प्युटरला तारीख कळत नाही, तो फक्त दिवस मोजतो. एक जात एकोणीसशे सालापासून मोजते, जुन्या मॅकची जात एकोणीसशे चारपासून. दिवस तेवढेच राहिले, सुरुवात बदलली. त्यामुळे यादीतला प्रत्येक माणूस चार वर्षं आणि एक दिवस पुढे सरकला होता.

गुरुजींनी बोटांवर हिशेब केला आणि त्यांचा आवाज खाली आला. "म्हणजे बरोबर पंधरा तिथींचा फरक. शुद्धातले सगळे वद्यात गेले. पौर्णिमेचे अमावास्येला."

"आणि गेल्या चार वर्षांत गेलेले," काकू म्हणाल्या, "अजून जायचेत."

मी पडद्याकडे पाहिलं. खरंच की. यादीच्या शेवटी शे-दीडशे नावं होती आणि त्यांच्यापुढे न उजाडलेले दिवस. कुणी येत्या मंगळवारी मरणार होतं, कुणी पुढच्या चैत्रात. त्यांतल्या दोघांना मी ओळखत होतो. एकाच्या तेराव्याला जेवलोही होतो. मी उगाच पंखा कमी केला. काकू मात्र एकेक नाव वाचत खाली येत होत्या आणि एका ओळीवर थांबल्या. वसंत गणपत देवरे. काकांचं दिवसकार्य याच गुरुजींनी केलं होतं. पुढे तारीख होती अजून दोन वर्षांनंतरची, दिवाळीतल्या अमावास्येची.

काकू अहिराणी फक्त भावाशी फोनवर बोलायच्या. त्या दिवशी पडद्याशी बोलल्या. "आजून शे," एवढंच. अजून आहेत.

दोन दिवसांत त्यांनी पूर्ण यादी मागे आणली. वहीतल्या प्रत्येक नावाशी ताडून पाहिली. गुरुजी खूश होऊन गेले. पुढे यादी दर महिन्याला आमच्याकडेच यायची, नवी नावं भरायला. तशी ती एकदा माझ्या हातात आली तेव्हा कळलं, काकूंनी सगळी माणसं परत नेली होती, एक सोडून.

मी ती ओळ तशीच ठेवली. त्याच सुमारास त्या थोड्या बदलल्या होत्या. चारच्या चहाला दोन बिस्किटं पर्समध्ये टाकायच्या. पाचला उठायच्या, "हे वाट बघत असतील" म्हणून. एकदा काकूंना ताप आला म्हणून मी त्यांच्या सिडकोतल्या घरी गेलो. टेबलावर दोन ताटं पालथी होती. पेपर घडी करून ठेवलेला, त्यावर पुसलेला चष्मा. आतल्या खोलीत पंखा फिरत होता.

"अहो, संदीप आलाय," काकूंनी आत हाक मारली. मग थांबल्या. पलीकडचं माणूस एक वाक्य बोलेल तेवढाच वेळ, ना कमी ना जास्त. आणि हसल्या.

मी नकळत एक पाऊल मागे सरकलो. त्यांनी ते पाहिलं असावं. "मला वेड लागलेलं नाही रे," त्या शांतपणे म्हणाल्या. "ते गेले हे मला ठाऊक आहे. पण एका ठिकाणी अजून गेलेले नाहीत ना? तेवढं राहू दे. तारीख आहे त्याला, संपणारच आहे."

निघताना मी चपला घातल्या आणि माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "येतो, काका." मी तसाच थबकलो. काकूंनी मान हलवली, जणू यात काही वावगं नव्हतंच.

कोजागरीनंतर गुरुजी दुकानात आले. काकू नव्हत्या. "देवरेवहिनींच्या घरचं नाव यंदा यादीत वर आलं नाही. मीही यादीच्या भरवशावर राहिलो, दोन दिवसांनी आठवलं." मी त्यांना ती ओळ दाखवली आणि विचारलं, दुरुस्त करू का? कर्सर त्या तारखेवरच होता. "नको," गुरुजी म्हणाले. "तिथी आता माझ्या लक्षात राहील. इथून पुढे मी पाणी सोडत जाईन. त्यांचं त्यांना करू दे."

ती दोन वर्षं सरली आणि दिवाळीतली ती अमावास्या आली. लक्ष्मीपूजनाला दुकानात हार-फुलांची गडबड होती. काकू दुपारी आल्या. अंघोळ करून, केस ओले, कोरं लुगडं. टेबलाशी बसल्या, गुरुजींची यादी उघडली, ओळ काढली. मी जवळ गेलो.

"सकाळी बघून घेतलं," त्या म्हणाल्या. "तेव्हा दाखवलं नव्हतं ना कुणी. आज नीट बघितलं. चेहरा अगदी शांत होता." त्यांच्या बोलण्यात रडं नव्हतं. "सकाळी कूस बदलली आणि कळलं. पंखा बंद केला मी."

त्यांनी कोजागरीची खरी तारीख एकेक आकडा करत टाकली, एंटर दाबलं आणि मग रडल्या. चार वर्षं न रडलेलं रडल्या. बाहेर पोरं फटाके उडवत होती. मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

भाऊबीजेला सटाण्याहून भाऊ न्यायला आला तशा त्या गेल्या, त्या कायमच्याच. त्या रोज घरून आणायच्या तो लॅपटॉप मला ठेवून गेल्या. "चांगलं मशीन आहे, काम कर ह्याच्यावर." फोन करतात अधूनमधून. आवाज बरा असतो. भाचीला शिकवतात.

गेल्या महिन्यात एका वाचनालयातून फोन आला. त्यांच्या पुस्तकांची जुनी शीट काकूंनी नव्या प्रोग्रॅममध्ये आणून दिली होती.

"काम फार सुरेख झालंय," पलीकडचे गृहस्थ म्हणाले. "फाईलच्या माहितीत शेवटचा हात कुणाचा ते दिसतं. आमच्या सगळ्या फायलींवर वसंत गणपत देवरे असं नाव आहे. हे कोण?"

मी लॅपटॉप उघडून पाहिला. मशीन काकांनी घेतलेलं, त्यांच्याच नावावर चालू केलेलं. काकूंनी ते नाव कधी बदललंच नव्हतं. इगतपुरीचा पाऊस, गुरुजींची यादी, शहरातल्या कितीतरी घरांतल्या नि ऑफिसांतल्या फायली, सगळ्यांवर त्यांचंच नाव, आणि तारखा ते गेल्यानंतरच्या.

"आमच्याकडचेच आहेत," मी म्हणालो.

"त्यांना आमचा नमस्कार सांगा."

"सांगतो," मी म्हणालो, आणि लॅपटॉप अलगद मिटला.