मधल्या भिंतीवरचा कंदील

माझा भुताखेतांवर, शकुनांवर कधीच विश्वास नव्हता. हायस्कुलात विज्ञान शिकवून पोट भरलंय. तरीही आज गांभीर्याने सांगतो, माझे वडील वारल्यानंतर एकदा घरी येऊन गेले. म्हणजे मी त्यांना पाहिलं नाही. मी उजेड पाहिला... चाळीस वॅटचा असावा.

डिचोलीजवळचं सर्वण. गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षीची दिवाळी. गावोगाव कमानी, सत्कार, प्रत्येक भाषणात 'सुवर्णाक्षरं'. आमच्या घराला त्याच सुमारास भिंत मिळाली. राजभाषेवरून माझं आणि दादाचं फाटलं होतं. तो कोंकणीवाला, मी मराठीवाला. भांडत होतो मात्र दोघेही कोंकणीतच. वडील होते तोवर निदान पंगत एक होती. ते गेल्यावर सोप्याच्या मधोमध चिरे रचले गेले, चुली दोन झाल्या, विजेचे मीटरही दोन. आई दोन्हीकडे जेवायची, म्हणजे कुठेच पोटभर नाही.

वडील गेले त्या वर्षी कंदील लावला नव्हता, रीतच ती. या वर्षी आईने मनावर घेतलं. वडील करायचे तसाच, घरातल्या मोडतोडीतून. त्यांच्या फाटक्या छत्रीच्या काड्या, जुन्या लुगड्याच्या शेपट्या आणि उजेड आरपार यावा म्हणून खोबरेल चोळलेलं वर्तमानपत्र. कागद तिने मुद्दाम दोन्हीकडून मागितला — माझ्याकडून मराठी, दादाकडून कोंकणी. आम्ही दिला, रद्दीच ती. तिचं मागणं एकच होतं : चतुर्दशीच्या सकाळी दोघांनी एकत्र बसून फोव खावेत. गुळाचे, ताकातले, नारळाच्या रसातले, सगळे पोहे ती स्वतः करणार होती. आम्ही दोघेही 'बघूया' म्हणालो.

कंदील भिंतीच्या अंगणाकडच्या टोकावर बरोबर मधोमध टांगला. मग प्रश्न आला, बल्ब कोणाच्या मीटरवर? दादा म्हणाला, पगारदार धाकटा आहे, त्याने वीज द्यावी. मी म्हणालो, मान थोरल्याचा. पणती आईलाच नको होती, तेलकट कागद पेटला असता. तेव्हा कंदील तसाच राहिला... रिकामा. काड्या घट्ट आहेत का ते मी स्वतः आत हात घालून पाहिलं होतं.

चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, तो लागला.

बल्ब नाही, वात नाही, वायर नाही. स्थिर, पिवळा उजेड. पुढचे मथळे आणि मागचे मथळे एकमेकांवर उमटून कुठल्याच भाषेत काही वाचता येत नव्हतं. आई तुळशीपाशी होती, निरांजन हातात घेऊनच आली.

"बाबा आयले तुमचे," ती म्हणाली. "आतां तरी एकठांय बसून फोव खायात."

दादा कित्येक महिन्यांनी माझ्या बाजूला आला. खांद्याला खांदा लागेल इतके जवळ आम्ही उभे राहिलो. त्याने कंदिलात हात घातला, मग मी. ऊब नव्हती. त्याचे डोळे भरले होते, माझेही. आणि त्याने विचारलं,

"वायर खंय लिपयल्या तुवें?"

"तेंच हांव तुका विचारतां," मी म्हणालो.

मराठीवाल्यांची नाटकं त्याला ठाऊक होती, कोंकणीवाल्यांची मला. मेलेल्या बापाच्या नावाने कोण कोणाला फसवतंय, यावर आवाज चढले. उजेड कधी गेला ते दोघांनाही कळलं नाही. आईने कंदील उतरवला आणि आत गेली.

सकाळी दोन्ही चुलींवर फोव झाले, आमच्या आमच्या बायकांनी केलेले. आईने कुठलेच खाल्ले नाहीत. पोट बरं नाही म्हणाली. तिने पुन्हा कधी ते मागणं काढलं नाही.

मावळतीचं ऊन, भिंतीतला ओलावा, कुठून तरी उतरलेला करंट... सगळं तपासून झालं, एकही कारण टिकत नाही. दादा आता नाही. ते काम माझंच होतं, असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. त्याचं होतं, असं मानायला मलाही आवडलं असतं, पण वायर सापडलेली नाही.

पुढच्या दिवाळीला दोन दारांवर दोन कंदील लागले. दोन्ही प्लास्टिकचे, डिचोलीच्या एकाच दुकानातले.