सासऱ्यांच्या ओठांची लाली

माझी लेक डेंटल कॉलेजात आहे. ओठांवरच्या रेषांवरून माणूस ओळखता येतो, बाई की पुरुष हेही सांगता येतं म्हणे. खरंच येतं का, हे तपासायचं तिचं प्रोजेक्ट. त्यासाठी ती गडद लाल लिपस्टिक, सेलोटेप आणि पांढरे कागद घेऊन वसईच्या आमच्या वाडीत दाखल झाली.

बायकांचे ठसे दुपारीच उरकले. जाऊबाईंनी तर पहिला नीट आला नाही म्हणत पुन्हा लिपस्टिक लावून घेतली. पुरुषांनी मात्र पळ काढला. नवऱ्याला केळींना पाणी सोडायचं आठवलं. दीर विरारला गेले, कशाला ते त्यांनाही ठाऊक नसावं. "बापय मानूस लाली लावतो काय?" म्हणून सगळ्यांत मोठ्याने ओरडले ते माझे सासरे. ठसे उद्याच द्यायचे होते आणि पुरुषांचा एकही कागद भरला नव्हता. लेक झोपाळ्यावर बसून रडायला लागली.

नातीचं रडणं सासऱ्यांना सोसत नाही. संध्याकाळी त्यांनी वाडीतलं पान काढलं, चुना-कात लावून विडा तोंडात टाकला. "रंगच पायजे ना बाय? ह्यो घे." एव्हाना परतलेल्या त्यांच्या दोघा लेकांनाही युक्ती भलतीच आवडली. तिघांनी विडे चघळत कागदांवर ओठ टेकवले. कागदांवर कात उमटला, थुंकी उमटली, एकावर तर सुपारीचं खांड चिकटलं. रेष एकही नाही. माझं डोकं असं फिरलं की मी पानाचा डबाच उचलून आत नेला.

सासऱ्यांनी मुकाट चूळ भरली. अंगणात रस्त्याकडे तोंड करून खुर्ची मांडली आणि डोळे मिटले. "लाव."

तेवढ्यात सायकलवरून पाववाला आला आणि भोंगा वाजवायचाच विसरला. लालभडक ओठांनी सासरे गरजले, "बगतोस काय? बस, तुजे पन पायजेत!" तो निमूट बसला. मग नवरा आणि दीर कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

ठशांवर नावं नव्हती, नुसते आकडे. लेकीच्या मॅडमनी रेषा पाहून बाई-पुरुष सांगायचं होतं. आमचे बाकीचे पुरुष पुरुषच निघाले. एकाला मात्र त्यांनी बाई ठरवलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर लेक मला हे स्वयंपाकघरात कुजबुजत होती, पण सासऱ्यांचे कान नको तेव्हा तिखट.

"म्हंजे मी?"

लेकीने मान डोलावली. आता हे घर डोक्यावर घेणार, म्हणून मी आधी उकळतं दूध उतरवून ठेवलं. पण ते दारातच उभे राहिले.

"माजी आय गेली तवा मी रांगत व्हतो," ते म्हणाले. "फोटो बी नाय तिचा. तिचेच आसतील हे ओठ."

मला एकदम भरून आलं. मी दूध पुन्हा गॅसवर ठेवलं.

जेवणं झाल्यावर त्यांनी हळूच हाक मारली. हातात दाढीचा आरसा होता.

"सूनबाय, ती लाली कुटं ठेवलीस?"