दोन आठांमधलं तळं

अँब्रोजला वेळ विचारायची सोय नव्हती. वेळ तो सांगायचा, पण आधी विचारणाऱ्याची हजेरी घ्यायचा. "सकालची घंटा ऐकली नाय? कानात बोळे घातलंस का रे?" मग आकाशाकडे बघायचा, खाडीकडे बघायचा, आणि आपण एखादी जहागीर देतो आहोत अशा थाटात "सवानऊ" म्हणायचा.

ठाण्यात खाडीच्या बाजूला आमची वस्ती होती. एका अंगाला मिठागरं आणि आगऱ्यांची घरं, दुसऱ्या अंगाला ख्रिस्ती कोळ्यांची. मधे चर्च. चर्चच्या मनोऱ्यातली घंटा अँब्रोज एकतीस वर्षं वाजवत होता आणि त्याच्याआधी त्याचा बाप वाजवत होता. सकाळी सहा, दुपारी बारा आणि दिवेलागण. वस्तीत घड्याळं मोजून चार, आणि तीही अँब्रोजच्या घंटेवर लावलेली. त्यामुळे घंटा चुकली की काय, हे ताडून बघायला कुणाकडे काही नव्हतंच. अँब्रोजच्या स्वभावाला हे फार मानवलं होतं.

माणूस उंच, काटकुळा, अंगात सदैव एकच बंडी. चालायचा हळूहळू, पाऊल तोलून, मामलेदार पाहणीला निघाल्यासारखा. आम्हा पोरांना वाटायचं, घंटेचा ताठा आहे. त्याच्या मागे आम्ही तसंच चालून दाखवत असू. मी तेव्हा मिठाच्या कचेरीत नवा कारकून होतो, बाविशी उलटली होती, म्हणजे ही अक्कल नसायचं वय माझं खरं तर संपलं होतं.

आता तळ्याचं सांगतो. खाडी खारी, मिठागरं खारी, विहिरी मचूळ. गोड पाणी एवढंच एक, म्हणून त्याचं नाव गोडतळं. तळं मोठं होतं, पण उतरायला दगडी पायऱ्या एकाच बाजूला. बाकी चिखल आणि म्हशी. त्यामुळे अख्ख्या वस्तीचं सगळं भांडण त्या वीस हात पायऱ्यांवर चालायचं.

अठराशे सत्त्याऐंशी साली ते विकोपाला गेलं. कारण आगेरा. नव्या भाताचा हा ख्रिस्ती लोकांचा सण, पण त्या दिवशी खाडी पोहून पार करायची शर्यत असे आणि तिच्यात आगरीही उतरत. दोन पथकं. एक मिठागरावरच्या राघो मुकादमाचं, त्यात मीही होतो. दुसरं कोळीवाड्यातल्या गिल्बर्टचं. पावसाळ्यात मिठागरं बंद, माणसं रिकामी, तेव्हा भाद्रपद लागला की दोन्ही पथकं सकाळपासून गोडतळ्यात. जिंकणाऱ्याला एक बकरा मिळायचा. त्या बकऱ्यासाठी आम्ही जेवढं पोहलो तेवढ्यात मुंबई गाठली असती.

आणि आम्ही पाण्यात असलो की बायकांना पायऱ्या मिळत नसत. लंगोट्यांतले बारा-चौदा बाप्ये, त्यांच्यासमोर बाईमाणसाने धुणं कसं धुवावं? शेवटी गंगुबाई उठली. गंगुबाई म्हणजे आगरवाड्यातली विधवा, मिठाच्या पाट्या वाहून खांदे गड्यासारखे झालेली, आणि आवाज त्याहून भक्कम. वीस बायका घेऊन ती पाटलांकडे गेली. पाटील चर्चच्या पाद्रींना भेटले. दोघांनी ठरवलं: उजाडल्यापासून आठपर्यंत तळं पोहणाऱ्यांचं, आठनंतर बायकांचं. आणि आठ वाजले हे कळावं म्हणून अँब्रोजने चौथी घंटा वाजवावी.

पाद्री नवे होते, शिस्तीचे होते. ते अँब्रोजला म्हणाले, "तुझं वय झालं. चौथी घंटा झेपेल ना? नाही तर तुझा पुतण्या डॉमनिक आहे, त्याच्या हाती दोर देऊ."

"डॉमनिकला वेलेतला काय कलतं?" अँब्रोज म्हणाला.

"ठीक. पण घंटेची एक जरी खरी तक्रार आली, तर दोर डॉमनिकचा."

हे पाद्री सर्वांदेखत बोलले. घंटा गेली असती म्हणून अँब्रोज उपाशी पडला नसता. त्याची बायको अ‍ॅग्नेस कोंबड्या पाळायची, सुकी मासळी विकायची, आणि घर तीच चालवायची. पण घंटेशिवाय अँब्रोज म्हणजे एक रिकामी बंडी, हे त्याला ठाऊक होतं आणि आम्हालाही.

पहिल्याच सकाळी घोटाळा झाला. आठाची कल्याणची गाडी शिटी मारत ठाण्यात शिरली आणि गंगुबाई वीस बायका आणि वीस गाठोडी घेऊन पायऱ्यांवर हजर. आम्ही पाण्यात.

"आठ वाजलं! निघा भायेर!"

"घंटा कुठे झाली?" राघो ओरडला.

"गाडी आली ना! गाडी आठाला येते, जगाला ठावं हाय!"

आता बायका पायऱ्यांवर, आमची धोतरंही पायऱ्यांवर. बाहेर निघावं कसं? आम्ही गळ्याइतक्या पाण्यात उभे राहिलो आणि घंटेची वाट बघू लागलो. घंटा काही होईना. बोटांना सुरकुत्या पडल्या, गिल्बर्टला शिंका सुरू झाल्या, तेव्हा कुठे ती वाजली. असं आठवडाभर रोज. राघो आणि गिल्बर्ट एरवी एकमेकांचं तोंड बघत नसत, पण त्या आठवड्यात दोघांना दुसरं काही बघायला नव्हतं.

गंगुबाईने निष्कर्ष काढला: गिल्बर्ट अँब्रोजच्या नात्यातला, म्हणून अँब्रोज घंटा मुद्दाम उशिरा वाजवतो. ती तडक पाद्रींकडे गेली. पाद्रींनी अँब्रोजला बोलावलं. अँब्रोजचा चेहरा पांढरा पडला, पण तोंड खाली गेलं नाही. "चला टेसनावर," तो म्हणाला. "घड्यालाशी घड्याल लावून बगू."

चर्चमध्ये मनोऱ्याच्या दाराशी, खालच्या खोलीत, एक भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ होतं. अँब्रोजने ते उतरवलं, अ‍ॅग्नेसच्या गोधडीत गुंडाळलं, आणि तान्ह्या मुलासारखं छातीशी धरून निघाला. मागे गंगुबाई, राघो, मी आणि निम्मी वस्ती. स्टेशनमास्तरांनी एवढी गर्दी बघून आधी तिकिटाची खिडकी उघडली.

अँब्रोजने टेबलावर गोधडी सोडली. घड्याळ बंद पडलेलं. लंबकाचं घड्याळ कडेवर घेऊन चालल्यावर दुसरं काय होणार? पण हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं, मला धरून. गंगुबाई म्हणाली, "बगा, हेच्यावर घंटा वाजवतो!" अँब्रोज बोटाने लंबक हलवून बघत होता.

स्टेशनमास्तर पोट धरून हसले. मग डोळे पुसून त्यांनी सांगितलं ते ऐकून आम्हीच थक्क झालो. रेल्वेचं घड्याळ ठाण्याचं नव्हतंच. रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर, कारण साऱ्या मुलखातल्या गाड्यांना एकच वेळ हवी. मद्रासला सूर्य आपल्या आधी उगवतो. म्हणून स्टेशनात आठ वाजतात तेव्हा गावात साडेसातच झालेले असतात. "आमची मालगाडी साडेआठला सुटते ना, तेव्हा तुमच्या गावात बरोबर आठ."

मग गंगुबाई म्हणाली, "आमच्या तल्यावर मद्रासची येल कशाला? मद्रासच्या बायांना कलवा, धुनं घेऊन या म्हनावं."

पण निकाल लागला. पाद्री आणि पाटील म्हणाले, तळं गावाचं, तेव्हा वेळही गावाची. बायकांनी मालगाडी सुटल्यावर यावं. अँब्रोज घड्याळ छातीशी धरून परतला तो असा, जणू लाटसाहेबाने त्याच्यासाठी सलामी ठेवली होती. त्या दिवशी वेळ विचारणाऱ्याला तो उलट विचारू लागला, "कनची? आपली का मद्रासची?"

पुढचं मला फार नंतर कळलं, पण जागच्या जागीच सांगतो.

गंगुबाई हरली होती, पण तिचे कान शाबूत होते. दुसऱ्या दिवशी मालगाडी सुटली आणि घंटा झाली नाही. गंगुबाईने पान लावलं, खाल्लं, थुंकलं, दुसरं लावलं, तेव्हा घंटा झाली. तिसऱ्या दिवशीही तेच. मद्रासचा अर्धा तास समजला, पण हा वरचा पाव तास कुणाचा? चौथ्या दिवशी मालगाडीची शिटी झाली तशी ती गाठोडं तिथेच टाकून चर्चमध्ये गेली. खालच्या खोलीत, स्टेशनमास्तरांनी गावच्या वेळेवर लावून दिलेल्या घड्याळात, आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. मनोऱ्याचं दार उघडं. ती कंबर खोचून जिना चढू लागली, आज अँब्रोजला सोडायचं नाही अशा तयारीने.

बासष्ट पायऱ्यांपैकी विसाव्या पायरीवर अँब्रोज बसला होता. दोन्ही हातांनी गुडघा दाबत होता. गुडघा नारळाएवढा सुजलेला.

गंगुबाईला पाव तासाचं कोडं उलगडलं. अँब्रोज घड्याळात आठ वाजले की बरोबर निघायचा. पण वर पोचेपर्यंत पाव तास जायचा. तीन घंटा होत्या तोवर गुडघ्यांनी कसंबसं भागवलं होतं. चौथीने ते हरले.

"कुनाला बोलू नको, गंगू," अँब्रोज म्हणाला. एकतीस वर्षांत त्याने कुणापुढे टाकलेला हा पहिला शब्द असावा.

"अरं, पन वर कशाला मरतंस? दोर खाली सोडून खालून वड!"

"दोर पुरत नाय. आनि घंटा तिच्या बाजूला उबा ऱ्हाऊनच वाजवायची. आदी तिच्यावरच्या क्रुसाला हात लावायचा, मंग वाजवायची. बापाने तसा शिकवलेला. खालून काय, बैल पन वडतो."

"बैलाचे गुडगे तुज्यापरीस चांगले हायेत," गंगुबाई म्हणाली आणि खाली उतरली. संध्याकाळी ती परत आली ती आपल्या विहिरीचा सुंभाचा दोर घेऊन. एकटी वर चढली, दोराला दोर गाठला, आणि जिन्याच्या पोकळीतून खाली सोडला. खाली अँब्रोज उभा होता. तो वर बघत राहिला. वर क्रूस होता, आणि हात तिथे आता पोचणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालगाडीची शिटी आणि घंटा एकदमच झाली.

आम्ही तळ्याच्या मधोमध होतो. आगेरा आठ दिवसांवर, आणि आमचा पाव तास बुडाला! राघो आणि गिल्बर्ट जन्मात पहिल्यांदा एका बाजूने ओरडले. आम्ही ओल्या धोतरांनी थेट चर्चवर गेलो. सगळ्यांत पुढे मी, कारण लिहिता-वाचता मीच होतो. पाद्री बाहेर आले. मी म्हणालो, "घंटा लवकर झाली. रोज मालगाडी गेल्यावर चांगल्या पाव तासाने होते. आज अँब्रोजने फसवलं."

पाद्रींनी आत जाऊन घड्याळ बघितलं आणि परत आले. "आजची घंटा बरोबर आहे," ते म्हणाले. मग अँब्रोजकडे वळले. "म्हणजे रोजची पाव तास उशिरा?"

अँब्रोज मनोऱ्याच्या दारात उभा होता. आतला दोर दिसू नये म्हणून त्याने पाठीने दार लोटून धरलं होतं. "पाद्रीबाबा," तो म्हणाला, "माजे गुड..."

"घंटेचा काय नाय वो," मागून गंगुबाईचा आवाज आला. डोक्यावर धुण्याचं गाठोडं घेऊन ती गर्दीतून पुढे आली. "रोज मालगाडीच पाव तास आदी सुटायची. आज येलेवर सुटली."

मालगाडी, आणि वेळेच्या आधी! जिने घंटेची तक्रार केली होती तीच साक्ष देत होती, आता तिच्यापुढे बोलणार कोण? पाद्रींनी गंगुबाईकडे बघितलं, पाठीने धरलेल्या दाराकडे बघितलं, आणि मग बराच वेळ अँब्रोजच्या पायांकडे बघितलं.

"रेल्वेचं काय सांगावं," ते म्हणाले आणि आत गेले.

त्या वर्षी बकरा गिल्बर्टच्या पथकाने नेला. मी पाव तासावर खापर फोडलं आणि अँब्रोजच्या नावाने वर्षभर बोटं मोडली. तो मात्र पुढे सहा वर्षं चारही घंटा वाजवत राहिला, आणि वेळ विचारणाऱ्याची हजेरी घेत राहिला.

तो गेला आणि घंटा पुतण्याकडे, डॉमनिककडे आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मिठागराच्या कामासाठी गंगुबाईच्या ओटीवर बसलो होतो. अ‍ॅग्नेस आली. हातात सुंभाच्या दोराचं वेटोळं. "तुजा दोर," ती म्हणाली. "देऊन ये बोललेला." मी विचारलं, कसला दोर? तेव्हा दोघींनी मिळून मला हे सगळं सांगितलं, पाव तासासकट. मला कुठे तोंड लपवावं कळेना. त्याच्या मागे त्याच्यासारखं चालून दाखवणारा मी, आणि ओल्या धोतराने त्याच्यावर बोट रोखणाराही मीच.

गंगुबाईने दोर हातात घेतला, गाठ चाचपली, आणि तसाच अ‍ॅग्नेसच्या हाती परत दिला.

"नेऊन बांद तितंच," ती म्हणाली. "डॉमनिकला पन गुडगे हायेत."