पोत्यातलं संगीत

बाळांनो, तुमच्या आईच्या पहिल्या प्रायोगिक नाचाचं सगळं संगीत मी झाडून पोत्यात भरलं होतं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, आपल्या कोल्हापुरातली. तुमची आई, रोहिणी, लहानपणापासून भरतनाट्यम शिकत होती. तिचं मत पक्कं: ताल नाही, मुद्रा नाहीत, तर तो नाचच नाही! (मत मूळचं माझं. मी फडताळातले डबेसुद्धा उंचीप्रमाणे लावते.) अशात तिच्या नृत्याच्या बाईंनी तिला एक प्रायोगिक नाच दिला. घरी रोज धुसफूस.

"आई, ह्याला नाच म्हणायचं का गं? बाईंच्या शब्दाखातर एकदा करते. फसला, तर पुन्हा या वाटेला जाणार नाही!"

नाचात नेमकं काय आहे, हे बाईंनी गुपित ठेवलेलं. तालमीला आम्हाला बंदी.

प्रयोगाच्या दिवशी मी सवयीप्रमाणे वेळेआधी नाट्यगृहात हजर. सोबत शिरोळची माझी थोरली जाऊ, आक्का. रंगमंचावर पाहते, तर उसाचं वाळलेलं पाचट पसरलेलं!

"आगं बया! पोरगी अनवाणी नाचणार न्हवं?" आक्का ओरडल्या. "पायाच्या चिंध्या हुतील की!"

झालं! मी पदर खोचला. पाचट पोत्यात, पोतं विंगेत. वर फिनेल टाकून फरशीही पुसली. आक्का पहिल्या रांगेत जाऊन बसल्या, मी कौतुकानं विंगेत उभी राहिले.

पडदा उघडला. अंधारातून रोहिणी आली. एक पाऊल टाकलं. शांतता. दुसरं टाकलं. शांतता आणि फिनेलचा वास! पोर जागीच थिजली.

विंगेत माझ्या शेजारी बाईंनी डोकं धरलं. "काकू, पाचट कुठाय? पायाखाली ते वाजतं, तेवढंच तर संगीत आहे!"

मी पोतं उचललं आणि धावले. दिवे लागायला आणि माझा पाय घसरायला एकच गाठ पडली. (फरशी ओली कोणी केली, ते विचारू नका!) पोत्यासकट मी रंगमंचाच्या मधोमध बसकण मारली. पहिल्या रांगेतून आक्कांचा आवाज:

"ऊठ की गं! आता हितंच बसतीस व्हय?"

रोहिणीनं माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता ही रडणार आणि नाद कायमचा सोडणार. पण ती माझ्याभोवती नाचायलाच लागली! पोत्यातून सांडलेलं पाचट तिच्या पायाखाली चुरचुरलं, सळसळलं. मी बसल्या जागेवरून मूठमूठ उधळत राहिले. (दुसरं करणार काय?) बसवलेलं त्यात काहीच नव्हतं. पण काय नाचली पोर! टाळ्या थांबेचनात.

"आई," नंतर ती धापा टाकत म्हणाली, "पुढचं पाऊल कुठं पडणार, माझं मलाच ठाऊक नव्हतं. तरी तो नाचच होता गं!"

जन्मभर जपलेलं माझं मत तिनं सगळ्यांसमोर मोडलं होतं, आणि मला तर मिरवणूक काढावीशी वाटत होती!

बाईंनी पुढच्या प्रयोगाला मलाही बोलावलं. मी घरी कसून तयारी केली: घसरायचं कुठं, बसायचं कसं, पोतं कोणत्या हातात. पहिल्याच तालमीला बाई अवघडून म्हणाल्या,

"काकू, राग मानू नका. पण तुम्ही फार व्यवस्थित पडता."

आणि माझ्या जागी आक्कांना घेतलं!