गुरुवारचं बाकडं

किस्से काही ठरवून जमत नाहीत. ते बडीशेपेच्या दाण्यासारखे दाढेत जाऊन बसतात. जेवण केव्हाच झालेलं असतं आणि जीभ मात्र दिवसभर तिथंच! माझ्याकडचे हे सगळे दाणे एकाच ठिकाणचे आहेत. महाडमधल्या एका दातांच्या दवाखान्यातलं, भिंतीला टेकवलेलं लाकडी बाकडं.

आम्ही महाडजवळ बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहतो. नवरा, संदीप, इथल्या एका कंपनीत शिफ्टला. शिफ्ट नसते तेव्हा तो झोपलेला असतो. माहेर आणि सासर दोन्ही इतकी लांब, की फोनवरच भेटतात. उरलो मी आणि दीड वर्षांची ओवी. ओवीला चार-पाच शब्द येतात. म्हणजे दिवसभर माझं जे काही बोलणं व्हायचं, ते त्या चार-पाच शब्दांत! अशात खालची दाढ ठणकायला लागली.

रूट कॅनाल करणारे डॉक्टर या दवाखान्यात पनवेलहून येतात, तेही फक्त गुरुवारी. एका दाढेला तीन-चार खेपा होतात, त्यामुळे दर गुरुवारी बाकड्यावर तीच माणसं. उमरठचे आबा, कापडे गावच्या शेवंताकाकू आणि मी. ओवी धरून साडेतीन.

•

पहिल्या दिवशी मी पूर्ण तयारीनिशी गेले होते. आठवडाभर मोबाइलवर वाचत होते आणि जितकं वाचलं तितकी घाबरले होते. खुर्चीत बसल्या बसल्या सुरू झाले, "डॉक्टर, ही नस मेंदूपर्यंत जाते ना? डोळ्यांवर परिणाम होईल का? नंतर विसरायला वगैरे होतं का?"

डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, आधी कुठली दाढ ते तर सांगा!"

आणि घाबरून मला खरंच सांगता येईना. दोन चुकीच्या दाढांवर बोट ठेवलं, तिसरी बरोबर निघाली. मी एम.कॉम. आहे, हे तिथं कुणाला सांगितलं नाही.

•

पण खुर्चीपर्यंत पोचायच्या आधीचं सांगायचं राहिलं. दाढेपेक्षा मोठी काळजी होती ती ओवीला कुणाजवळ ठेवायचं याची. संदीप म्हणाला होता, "अगं, नर्स असेल की तिथे." होती ना, सुप्रिया. फोन तीच घेणार, फी तीच घेणार आणि आत डॉक्टरांच्या हाताशीही तीच उभी!

तिने माझं नाव पुकारलं, तरी मी ओवीला घट्ट धरून बसूनच राहिले. शेजारी बसलेले म्हातारबाबा, म्हणजे आबा, म्हणाले, "काय झाला गो? पोरगी दे इकडं."

"रडेल हो ती."

"रडू दे. मुंबईला नातवंडा हायत माझी. फोनमदी रोज दिसतात. पन हाताला वजन लागत नाय."

दिली. आत गेले. भूल दिली, मशीन सुरू झालं, माझे कान मात्र बाहेर. ओवी रडेना! जी मला एकटीला बाथरूमला जाऊ देत नाही, ती परक्या मांडीवर हूं की चूं नाही. माझ्याच डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

डॉक्टर थांबले. "दुखतंय का?"

तोंडात कापसाचे बोळे. काय सांगणार, की मुलगी रडत नाही म्हणून रडतेय?

त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं!

•

भूल उतरेपर्यंत तोंडाची एक बाजू आपली नसतेच. मी बाहेर येऊन गाल धरून बसायचे आणि शेवंताकाकू बोलायच्या. भाताची लावणी, जावेचं भांडण, आटलेली म्हैस. मी नुसती मान हलवायची.

एकदा त्या मधेच थांबून म्हणाल्या, "तुझ्याशी बोलायला बरा वाटतो गो. मधे मधे बोलत नायस!"

घरी माझं तोंड अगदी शाबूत असतं.

•

काकूंचंच आणखी एक. डॉक्टर त्यांना दर खेपेला बजावायचे, "काकू, मिसरी सोडा." एका गुरुवारी काकू खुर्चीतूनच म्हणाल्या, "सासू सांगून गेली, नवरा सांगून गेला, त्यांचा नाय ऐकला. तू तर गुरवारचा पाव्हणा!"

त्याच दिवशी त्यांच्या दाढेचा एक्स-रे काढला. तो काकूंना फार आवडला. सुप्रियाने स्क्रीनवरचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये काढून दिला. काकू बाहेर येऊन माझ्या हातात मोबाइल देत म्हणाल्या, "माज्या पोराला धाड गो. मुंबईला असतो. काय दुखतंय म्हणून विचारीत नाय, निदान बघंल तरी."

मी पाठवला. काळा-पांढरा एक्स-रे, त्यात तीन दाढा आणि त्यांची मुळं. खाली एक अक्षर लिहिलं नाही. लिहायला हवं होतं का, हे मी अजून ठरवतेय.

मिनिटभरात उत्तर आलं. एक अंगठा आणि पुढे, "मस्त दिसतेस आई."

काकूंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग मोबाइल पदरात पुसून पिशवीत टाकला. "बघ," म्हणाल्या, "किती लवकर उत्तर आला!"

•

आबांना पहिल्याच खेपेनंतर दुखायचं थांबलं. मग एवढ्या लांबून एसटीने पुन्हा यायचं कशाला, असा त्यांचा प्रश्न. डॉक्टर समजावत होते आणि दार उघडंच होतं.

"आबा, आतली नस काढलीय. म्हणून दुखत नाही. पण काम अर्धंच झालंय."

"नस काढली म्हंजी दाढ मेली?"

"तसंच काहीसं. जागेवर राहते, चावताही येतं. फक्त तिला काही कळत नाही."

आबांनी जिभेने ती दाढ चाचपली. मग म्हणाले, "आमची ही गेल्यापास्नं मी पन तसाच हाय. जाग्यावर हाय. चावतो, खातो."

डॉक्टर हातातल्या आरशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चूळ भरा."

•

आमच्या तिघांच्या दाढांवर बसवायच्या कॅप लॅबमधून एकाच डब्यात आल्या. कॅप बसली की काम संपलं. आबांची चटकन बसली. काकूंचीही. मी आत गेले.

डॉक्टरांनी निळा कागद चावायला दिला. "उंच लागतेय का?"

"हो."

थोडं घासलं. "आता?"

"अजून जराशी."

पुन्हा घासलं. "आता?"

"वाटतेय... थोडी."

चौथ्यांदा विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "मॅडम, आता घासायला काही उरलं नाही!"

सुप्रिया म्हणाली, "झालं, सुटलात तिघंही." बाहेर आबांनी ओवीला माझ्या हातात दिलं. "बरा झाला. आता कशाला भेट व्हायची," म्हणाले आणि एसटी गाठायला निघाले. काकू त्यांच्यामागे. आपण कुणाचा फोन नंबर घेतला नाही, हे मला रिक्षात बसल्यावर सुचलं. घरी येऊन ओवीला खिचडी भरवली. तिच्या चार-पाच शब्दांत आता "आबा" हा एक होता.

•

पुढच्या गुरुवारी ओवी तिच्या चपला हातात घेऊन दारात उभी राहिली. मी म्हटलं, नाहीतरी महाडला भाजी चांगली मिळते. भाजी घेतली. दवाखान्याचा जिना वाटेतच होता. सुप्रियाला नुसतं विचारावं, कॅपने कडक काही खाल्लं तर चालतं का.

बाकड्यावर शेवंताकाकू बसल्या होत्या. पायाशी बाजाराची पिशवी.

त्यांच्या पलीकडे आबा. मांडीवर रुमालात बांधलेली वेलची केळी.

काकूंनी सरकून जागा केली, मी बसले. सुप्रियाने आमच्याकडे पाहिलं आणि नंबरांची वही मिटून ठेवली.

दार उघडलं. हातमोजे घातलेले हात वर धरून डॉक्टर दारात उभे. "चला, कुणाचा नंबर?"

काकू म्हणाल्या, "आबा, तुमी जावा. लांबचं हाय तुमचं."

आबा म्हणाले, "नाय नाय, तुमी आधी आलाव."

"काकू, तुम्हीच जा ना," मी म्हटलं.

डॉक्टर एकेकाच्या तोंडाकडे बघत होते.

शेवटी आबा माझ्याकडे वळले. "तू जा गो आधी. पोरगी दे इकडं."

मी ओवीला त्यांच्याकडे दिलं, आत गेले, खुर्चीत बसले आणि आ केला.